‘तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसते’

चार वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे पाचगणी-महाबळेश्वरला गेलो होतो. सासूबाईंचे वय तेव्हा ७६ होते. दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाब आणि मधुमेह औषधांनी आटोक्यात. दोन दिवसांत चौदा ठिकाणे पाहायची, असा भरगच्च बेत मुलांनी आखला होता. पहिल्या ठिकाणी गाडी थांबली. पुढे पायऱ्या होत्या. सासूबाईंनी त्या एकवार नजरेने मोजल्या आणि हसून म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसते.” आम्ही दोनदा आग्रह केला आणि निघालो. दुसऱ्या ठिकाणी एकदाच आग्रह केला. तिसऱ्या ठिकाणी तो करण्याची गरज कुणालाच वाटली नाही. रात्री नातवाने दिवसभराची छायाचित्रे दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून एकेक करून पाहिली आणि “छान आहे हं” एवढेच म्हणाल्या.

घरी परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, “काय काय पाहिलंत?” सासूबाई पटकन उत्तरल्या, “मी? मी महाबळेश्वरचे सगळे वाहनतळ पाहून आले!” सगळे हसले. मीही हसले. परंतु ते वाक्य मनात रुतून बसले.

घरातील वृद्ध माणसाला सहलीला नेणे आणि सहलीत सामील करून घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी उमगले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही तोच प्रवास पुन्हा केला, पण बेत त्यांच्या पावलांनी आखला. त्या अनुभवातून हाती लागलेले हे काही.

ही गावे मुळात कशासाठी वसली?

धावपळ करून ‘पॉइंट’ मोजण्यासाठी ही ठिकाणे निर्माण झाली नव्हती, हे प्रथम लक्षात घ्यावे. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज सेनाधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून आला. पुढे १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी, साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून, तेथे आरोग्यस्थान वसवले. आजारातून उठलेल्या माणसांनी थंड, कोरड्या ऋतूत येऊन राहावे, हा त्यामागील हेतू.

पाचगणीची कथा याहून बोलकी आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे पावसाळा काढणे दुर्बल प्रकृतीच्या माणसाला अशक्यच. तेथून अवघ्या अठरा-वीस किलोमीटरवरील पाचगणी मात्र डोंगररांगेच्या पूर्वेकडे, पावसाच्या आडोशाला आहे. त्यामुळे तेथे पाऊस पुष्कळच कमी. हे हेरून जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात पाचगणी नीटस वसवली. आज गावात दिसणारे उंच सिल्व्हर ओक ही त्या काळातील लागवडीचीच परंपरा. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर प्रभावी औषध नव्हते त्या काळात स्वच्छ हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार हाती होता. आगाखान पॅलेसमधील कैदेतून मे १९४४ मध्ये सुटल्यावर प्रकृती सावरण्यासाठी महात्मा गांधीही त्या वर्षीच्या जुलैत पाचगणीलाच मुक्कामाला होते.

सांगायचे इतकेच, की बाकावर बसून दरीकडे पाहत राहणे हा येथे वेळेचा अपव्यय नव्हे. या गावांचा मूळ धर्मच तो आहे.

एका नदीच्या मागावर

बेत आखताना सासूबाईंनाच विचारले, “आई, तुम्हाला काय पाहायचंय?” त्या जरा विचारात पडल्या. म्हणाल्या, “मला ठिकाणांची नावं कुठे ठाऊक? पण कृष्णा तिथूनच निघते ना?” त्यांचे माहेर सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. पोहायला शिकल्या त्या याच नदीत. मग आम्ही ठरवले, की कृष्णेच्या काठाने उलट दिशेने उगमापर्यंत जायचे. वाटेत जेवढे दिसेल तेवढे पाहायचे. दिवसाला दोन ठिकाणे, तिसरे केवळ त्यांच्या इच्छेने.

पुण्याहून निघाल्यास सुरूर फाट्यावरून वाई लागते. घाट चढण्यापूर्वी येथे तासभर थांबावे, हे प्रकृतीच्या दृष्टीनेही हिताचे. कृष्णाकाठचा ढोल्या गणपती पाहण्यास फार चालावे लागत नाही. वाईपासून जवळच मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा दगडी घाट ही तेथील पाहण्याजोगी स्थळे. घाटाजवळच्या देवळात टांगलेली मोठी घंटा वसईच्या १७३९ मधील विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी एक आहे. घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा अट्टहास नको. वरच्या पायरीवर बसूनही पात्र दिसते. सासूबाईंनी तेथे पाय सैल सोडून अर्धा तास काढला आणि पायऱ्यांवर धुणे धुणाऱ्या बायकांशी गप्पाही मारल्या.

वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा घाट वळणावळणांचा आहे. मळमळ होणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे, नजर दूरवर ठेवावी, मोबाइल पाहू नये आणि पोट रिकामेही नसावे अन् तुडुंबही नसावे. एक सावधगिरी आवर्जून बाळगावी. प्रवासातील उलटीवर सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना अतिरिक्त गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडकू शकते. म्हणून घरातील इतरांना चालते ती गोळी आजी-आजोबांना परस्पर देऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पाचगणी : बसण्याचे सुख

पारसी पॉइंट हे ज्येष्ठांसाठी पाचगणीतील उत्तम ठिकाण. महाबळेश्वरच्या रस्त्यालाच ते लागते, गाडी जवळ थांबते आणि खाली धोम धरणाचा निळा जलाशय व कृष्णेचे खोरे उघडे होते. सिडनी पॉइंटवरूनही हेच खोरे, वाई गावाच्या बाजूने दिसते. आम्ही पारसी पॉइंटवर घडीची खुर्ची टाकली. सासूबाईंनी विचारले, “हे पाणी कुणाचं?” कृष्णेचेच, असे सांगताच त्या म्हणाल्या, “म्हणजे सकाळी जिच्याजवळ बसलो, तीच ही.” त्यानंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

टेबललँड हे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सपाट पठार गावाच्या माथ्यावर आहे. पायऱ्यांची वाट टाळून गाडीच्या रस्त्याने पठाराच्या तोंडाशी जाता येते. पठार सपाट दिसले तरी जांभा खडबडीत असतो. ज्यांचा तोल डळमळतो त्यांनी काठीच्या टोकाला झिजलेले रबर आहे का, हे आधी पाहावे. वाऱ्याबरोबर आणि घोड्यांच्या टापांनी धूळ उडते. दमेकऱ्यांनी दुपारची गर्दी टाळून सकाळी लवकर जावे आणि श्वासातून घ्यायचे औषध खिशात ठेवावे.

दोन्ही गावांच्या दरम्यान भिलार आहे. एरवी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणूनही ओळखले जाते. प्रारंभी गावातील २५ ठिकाणी, घरांत, देवळात, शाळेत, निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांची पुस्तके मांडण्यात आली. कुणीही यावे, बसावे, वाचावे. ज्येष्ठांसाठी याहून अनुकूल प्रेक्षणीय स्थळ क्वचितच सापडेल. सासूबाई एका घराच्या ओसरीवर दीड तास वाचत बसल्या. त्या वेळात मुले शेत पाहून आली. येथे मागे राहणारा माणूस कशाला मुकत नाही.

महाबळेश्वर : मोजकेच, पण मनसोक्त

महाबळेश्वरच्या ठिकाणांचे, पायांच्या हिशेबाने, आम्ही तीन गट केले.

पहिला गट गाडी जवळ जाते आणि चालणे थोडे, अशा ठिकाणांचा. वेण्णा तलाव त्यात पहिला. १८४२ मध्ये बांधलेल्या या तलावात नौकाविहार चालतो, परंतु हलत्या नावेत पाऊल टाकण्याचा क्षण वृद्धांसाठी जोखमीचा असतो. काठावर बसून पाण्याकडे पाहणेही तितकेच रमणीय. १४३९ मीटर उंचीचा विल्सन पॉइंट हे महाबळेश्वरचे सर्वांत उंच स्थान. येथून सूर्योदयही दिसतो. मात्र हिवाळ्यात पहाटेची थंडी बोचरी असते. हृदयविकार वा दमा असलेल्यांनी सूर्योदयाचा मोह सोडून ऊन वर आल्यावर जावे. सूर्यास्तासाठी मुंबई पॉइंट प्रसिद्ध आहे. तेथे शेवटच्या अर्ध्या तासात झुंबड उडते, म्हणून तासभर आधी जाऊन जागा धरावी आणि अंधार पडण्यापूर्वी निघावे. उतारवयात संधिप्रकाशात पायरीची कड नीट दिसत नाही.

दुसरा गट थोडे चालणे आणि काही चढउतार, अशांचा. केट्स पॉइंट, म्हणजे स्थानिकांच्या बोलीतील नाके खिंड, येथून कृष्णेचे खोरे पुन्हा एकदा दिसते. आर्थर सीट येथे सावित्रीचे खोल खोरे आणि कोकणाकडील कडे छाती दडपून टाकतात. परंतु वाट लांब आहे आणि पायऱ्याही आहेत. हात धरून, दर थोड्या अंतरावर थांबत, जमेल तितकेच जावे. पूर्ण टोकापर्यंत पोहोचलेच पाहिजे, असा दंडक कुणी घातलेला नाही.

तिसरा गट गुडघेदुखी असलेल्यांनी सोडून द्यावा असा. लिंगमळ्याचा धबधबा पाहण्यास बरेच उतरून जावे लागते. प्रतापगडाला शेकडो पायऱ्या आहेत आणि आंबेनळी घाटाचा प्रवास वेगळाच. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चढताना दम लागतो म्हणून आपण चढण्याला भितो, पण गुडघ्याच्या सांध्यावर अधिक भार पडतो तो उतरताना. “उतरायचंच तर आहे” हे आश्वासन म्हणूनच फसवे असते.

उगमापाशी

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम पंचगंगा मंदिरात मानला जातो. पाचांचे पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडते. शेजारीच महाबळेश्वराचे स्वयंभू शिवलिंग आहे. शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री.

वाहनतळापासून देवळापर्यंत दुकानांच्या ओळीतून चालावे लागते. पंचगंगेच्या देवळात फरशी ओली असते आणि पाय अनवाणी. घरातील न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडते, तसाच धोका येथे असतो. म्हणून एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला घरचे माणूस, अशी चाल ठेवावी. पायमोजे घालून ओल्या दगडावर मुळीच चालू नये. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी परतल्यावर तळपाय न्याहाळावेत. बोचलेला खडा त्यांना कळत नाही.

सासूबाई गोमुखापाशी वाकू शकत नव्हत्या. नातवाने ओंजळीत पाणी धरून त्यांच्या हातावर सोडले. त्यांनी ते डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, “इथे एवढीशी आहे, आणि आमच्या घाटावर पलीकडचा माणूस ओळखू येत नसे.” मग माहेरच्या पुराच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या वडिलांनी पाणी ओसरल्यावर घरातला गाळ कसा उपसला, हे माझ्या नवऱ्यानेसुद्धा प्रथमच ऐकले.

शरीराची तयारी

महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर आहे. विरळ हवेचा खरा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर संभवतो, त्यामुळे निरोगी ज्येष्ठाने घाबरण्याचे कारण नाही. तथापि येथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. ज्यांची फुप्फुसे वा हृदय आधीच दुबळे आहे त्यांना तोच चढ घरच्यापेक्षा अधिक दमवतो. अशांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर थांबावे. छातीत दाटणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा अचानक गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे ‘थकवा असेल’ म्हणून उडवून न लावता तत्काळ दवाखाना गाठावा. मुक्कामाला पोहोचताच जवळचा दवाखाना कोठे आहे, हे विचारून ठेवावे.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर, कानटोपी आणि पायमोजे अधिक उपयोगी. रात्री उठावे लागले तर पांघरूण सोडून एकदम उभे राहू नये. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग पाऊल टाकावे. खोलीत दिवा मंद तेवत ठेवावा, कारण स्नानगृहाची वाट अनोळखी असते. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच जीव घेऊ शकतो. गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब असल्यास स्नानगृहाची खिडकी उघडी असावी.

पाण्याबाबत एक नाजूक गोष्ट. स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक आजी-आजोबा प्रवासात पाणीच पीत नाहीत, कुणी लघवीची गोळी गुपचूप चुकवतात. परिणामी भोवळ येते, बद्धकोष्ठ होते, रक्तदाब बिघडतो. उपाय उपदेशाचा नाही, नियोजनाचा आहे. दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी सर्वांसाठी म्हणून थांबावे, म्हणजे कुणाला मागावे लागत नाही. पायही मोकळे होतात. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

औषधे सामानाच्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत, दोन दिवसांची जादा घ्यावीत. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या बंद गाडीत ठेवू नये. माकडांचा उपद्रव असल्याने औषधांची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नये. स्ट्रॉबेरी मधुमेहींनाही बेताने चालते, तिच्यावरचे क्रीम, साखर आणि मुरंबा मात्र चालत नाही.

ऋतू निवडताना पावसाळा वगळावा. दाट धुके, शेवाळलेल्या वाटा आणि कोंदट खोल्या वृद्धांना मानवत नाहीत. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा प्रारंभ आणि फेब्रुवारी-मार्च हा काळ सोयीचा. शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिन्याची गर्दी टाळली की निम्मे कष्ट वाचतात.

सोबत करणाऱ्यांसाठी

‘मी गाडीत बसते’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘मला पाहायचे नाही’ असा नसतो. ‘माझ्यापायी तुमचा खोळंबा नको’ असा असतो. म्हणून नुसता आग्रह करू नये, माहिती द्यावी. “आई, साधारण दोनशे पावलं आहेत, मध्ये दोन ठिकाणी बसता येतं, हात धरायला मी आहे” असे सांगितले की त्यांना स्वतः ठरवता येते. चाकाची खुर्ची अपमानाची वाटत असेल, तर हलकी घडीची खुर्ची बरोबर घ्यावी. ती कुणालाही लागू शकते, असे दिसते. खोली तळमजल्यावरची मागून घ्यावी. मोठे कुटुंब असल्यास पाळ्या लावाव्यात. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक जण त्यांच्याजवळ थांबेल, हे आधीच ठरवावे, म्हणजे कुणा एकीवर, बहुधा सुनेवर किंवा मुलीवर, सगळा भार पडत नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही डोंगर पाहायचा असतो.

परतीच्या आदल्या दिवशी मुलांना प्रतापगडावर जायचे होते. गाडी पायथ्याशी थांबली तेव्हा सासूबाई पुन्हा म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन.” या खेपेस पाळी माझी होती. आम्ही दोघींनी झाडाखाली खुर्च्या टाकल्या, थर्मासमधला चहा घेतला. समोर गडाचा बुरूज आणि त्यावरचा भगवा दिसत होता. “मी एकदा आले होते वर,” त्या म्हणाल्या, “शाळेच्या सहलीला. तेव्हा धावत चढले होते.” मुले उतरेपर्यंत त्या सहलीची हकिगत चालली होती.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी पुन्हा विचारलेच. “फार काही नाही पाहिलं हो,” सासूबाई म्हणाल्या, “सहा-सात ठिकाणं.” आणि काकूंना आत बोलावून, वाईच्या घाटापासून सांगायला बसल्या.